टाकीतला मासा

धामणकर नाक्यावरच्या उस्तादाने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यात मला फसवणारी माणसं थोडी भेटली आणि त्यातल्या एकेकाला मी गाठून हिशेब चुकता केला. हा एकटाच निसटला.

तुमच्यापैकी ज्यांनी त्या काळात नाक्यावर उभ्याने चहा प्यायला असेल त्यांना तो आठवत असणार. चालू इंजिनावर वाकलेला उंच माणूस. पंपातून निघणाऱ्या पोलादी नळीवर दोन बोटं आणि डोळे मिटलेले. वैद्य नाडी बघतो तसा. त्या नळ्यांतून डिझेल ठोके देत जातं, आणि कुठला ठोका लुळा पडलाय ते त्याच्या बोटांना कळायचं. गाडीचा मालक शेजारी उभा राहून बडबड करू लागला की डोळे न उघडता तो डावा हात वर करायचा.

"आधी हवा जाऊ दे."

डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला की इंजिन गप्प होतं. मग पंपाचा छोटा स्क्रू ढिला करायचा, हाताने डिझेल पुढे ढकलायचं. आधी फेस येतो, मग हवा संपून निर्मळ धार लागते. तोवर थांबायचं. उस्ताद हे गाडीला म्हणतोय की मालकाला, ते समजायला मार्ग नसायचा. मला म्हणायचा तेव्हा आजूबाजूचे हसायचे, म्हणजे त्यांना समजत होतं.

गडी कमालीचा मिजासखोर. काम काळं, पण अंगात पांढरा सदरा. कानाच्या पाळीमागे अत्तराचा फाया, खिशात कंगवा. पंप हातात घेण्याआधी बोटातली अंगठी काढून चहाच्या बशीत ठेवायचा, आणि ती बशी कुणी उचलली की खवळायचा. घराणं किनाऱ्याकडचं, बापजादे होड्यांवरचे. त्याची मराठी आमच्यासारखीच, मध्येच हिंदीची फोडणी.

पंप दुरुस्त झाला की तो त्याला तार बांधायचा, तारेवर शिशाची गोळी दाबायचा आणि गोळीवर स्वतःचा ठसा मारायचा. ठसा म्हणजे एवढासा मासा. त्याचा मासा ज्या पंपावर आहे त्याला भिवंडीत दुसरा कुणी हात लावत नसे. एकदा एका गॅरेजवाल्याने तो तोडला, तर हा पांढऱ्या सदऱ्यात तिथवर चालत गेला आणि भर गिऱ्हाइकांत हात पसरून म्हणाला, "माझा मासा दे परत. मेलेला असला तरी चालेल."

एका ड्रायव्हरने त्याच्या पंपाला नाव ठेवलं होतं, गाडी धूर ओकते म्हणून. पुढे दोष निघाला भलतीकडेच. ड्रायव्हर पेढे घेऊन आला. उस्तादाने पुडा सोडला, एकेक पेढा नाक्यावरच्या कुत्र्यांना घातला आणि रिकामा कागद त्याला परत केला. "कुत्र्यांनी माफ केलं तुला. माझं बघू पुढच्या वर्षी."

त्याच्याकडे दुकान नव्हतं, एक पत्र्याची टपरी होती. मशीन नव्हतं. नाव होतं, तेवढंच. एवढं ध्यानात ठेवा.

माझी आणि त्याची गाठ पडली ती माझ्या पिकअपमुळे. मी शेलार गावचा. बापाची थोडी शेती. मी यंत्रमागाच्या कारखान्यांत बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले जड रूळ, उचलण्यापासून सुरुवात केली, मग हातगाडी, मग सरकारी लिलावात एक जुनी अमेरिकन पिकअप गाडी पदरात पाडून घेतली. गोल नाकाची, जाड पत्र्याची, आमच्या वयाहून मोठी. दिसायला राणी, पण पेट्रोल प्यायची ती राणीसारखंच. कापडाच्या गाठी वाहून मिळालेलं सगळं तिच्याच पोटात जायचं. म्हणून मी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवायचं ठरवलं. इंजिन जुन्या बाजारातून आणलं. पंप, नळ्या आणि नोझल जुळवून देणारा हात मात्र एकच होता.

मी घासाघीस करायला बसलो. माझी पद्धत नाक्याला ठाऊक होती: आधी मालाला नावं ठेवायची, मग उठून निघून जायचं, मग परत येऊन आवाज चढवायचा. उस्ताद कंगव्याने केस विंचरत राहिला.

"झालं? भाव एकच हाय, शेट. पटत न्हाय तर नाक्यावर हवा फुकट हाय, ती खा."

मी आयुष्यात एकदाच घासाघिशीत हरलो तो तेव्हा. तो काटा मनात राहिला. पुढे जे झालं त्यात या काट्याचाही वाटा आहे, तुम्ही समजून घ्याल.

गाडी सुरू झाली तेव्हा नाका जमला होता. गोल नाकाच्या त्या म्हातारीने डिझेलचा पहिला खोकला काढला आणि मग घुमायलाच लागली. उस्तादाने मासा मारला. मी नारळ फोडला. घरी आबा, म्हणजे माझे वडील, गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "आता हिची भूक भागंल."

भूक भागली नाही. थोड्याच दिवसांत दोन रोग दिसायला लागले. एक म्हणजे, मधूनच भर रस्त्यात ती मरायची. सकाळी नीट निघायची, बीम उतरवून परत फिरलं की कुठेतरी चढावर उचकी देऊन गप्प. स्क्रू सोडून हवा काढली की पुन्हा चालू, पुन्हा बंद. हे रोज नव्हतं. चार दिवस गुणी बाळ, पाचव्या दिवशी रस्त्यात आडवी. दुसरा रोग असा की ती डिझेल फार प्यायची. मला खोड होती, टाकी काठोकाठ भरल्याशिवाय मी रात्री गाडी दारात लावत नसे. रिकाम्या डब्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला भरलेली टाकी बघून झोप लागते. पण दुसऱ्या संध्याकाळी पंपावर जावं, तर कधीकधी निम्म्याहून जास्त टाकी भरावी लागे. गाडीचा काटा कधीच मेलेला, त्यामुळे आत किती आहे ते वाटेत कळायचं नाही.

मी उस्तादाकडे जाऊन बोंबा मारायला लागलो.

"काय शेट, सकाळी सकाळी तोफा?"

"तुझा पंप पितो आणि वर बंदही पडतो!"

"पंपाला मासा हाय. पिणार न्हाय. हवा घेते ती दुसरीकडनं घेते."

"कुठनं?"

"ते कळलं असतं तर तू इथं उभा असतास?"

त्याने शोध मांडला. नळ्यांचे सगळे वॉशर बदलले. फिल्टर बदलला. जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडा निघतो का पाहिला. टाकीपासून पंपापर्यंतची रबरी नळी नवी घातली. प्रत्येक वेळी चार दिवस गाडी गुण्यागोविंदाने चालायची, आणि पाचव्या दिवशी मी पुन्हा तोफ घेऊन हजर. कुणी म्हणालं नजर लागली, म्हणून लिंबू-मिरची बांधली. कुणी म्हणालं पेट्रोलची गाडी, तिला डिझेल सोसत नाही. उस्ताद हे ऐकून थुंकला. पण त्याची झोप उडालेली दिसत होती. सदऱ्याला डाग पडलेला मी प्रथमच पाहिला.

एके दिवशी म्हणाला, "सकाळी तुझ्या घरी येतो. तू चावी लावायच्या आत बघायची हाय मला."

मी म्हटलं ये. मी उशिरा उठणारा. उठलो तेव्हा तो येऊन गेला होता. आबा ओट्यावर बसले होते, त्यांनी एवढंच सांगितलं, "आला व्हता. बघून ग्येला." आबांचा चेहरा उतरलेला होता. मी लक्ष दिलं नाही. त्या दिवसांत आमच्या घरात सगळ्यांचेच चेहरे उतरलेले असत. का, ते सांगतो.

शेलारची आमची एक जमीन विकायची होती. गिऱ्हाईक घरी चालून आलेलं. तिच्यावर आबांच्या बहिणीचीही सही लागत होती. ही माझी आत्या दापोड्याला दिलेली, नवरा वारलेला, विहिरीवरच्या तुकड्यात वाल आणि भेंडी करून जगणारी. तिने सही दिली नाही. "बापाची आठवण हाय, ठेव की," म्हणाली. व्यवहार मोडला. मी आमच्या अंगणात उभा राहून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडलो होतो की जो दापोड्याचं पाणी पिईल त्याने या घरात पाणी प्यायचं नाही. आबा तेव्हा तुळशीपाशी उभे होते. तांब्यातलं पाणी तुळशीला घालत राहिले. मला वाटलं, पटलं त्यांना.

उस्ताद येऊन गेला त्याच दिवशी दुपारी गाडी पुन्हा मेली, आणि तीही नेमकी धामणकर नाक्यावर, रिक्षांच्या रांगेत. मी खाली उतरलो तोच ओरडत. टपरीसमोर जाऊन मी जे बोललो ते इथे पुन्हा बोलणार नाही. ज्यांनी ऐकलं त्यांना पाठ असेल. चहावाला किटली हातात धरून थबकला. रिक्षावाले, हमाल, कारखान्यातून शिफ्ट संपवून निघालेले सगळे गोळा झाले. मी म्हटलं की हा मासा म्हणजे थापेबाजी आहे, याच्या हातात आता काही उरलेलं नाही, हा गिऱ्हाइकाचं डिझेल पिणारे पंप विकतो.

मी वाट बघत होतो ती त्याच्या उत्तराची. तो काहीतरी असं बोलणार की नाका पोट धरून हसणार, आणि मग मला आणखी ओरडता येणार.

उस्तादाने डावा हात वर केला. मग तो हळूच खाली घेतला.

"बरोबर बोलतो शेट," तो म्हणाला. "माझी चूक हाय. पंप माझ्या हातनं बिघडला. तो पिणार, आणि पीतच राहणार. बंद पडायचं तेवढं मी नीट करून देतो. दोन दिवस गाडी ठेव."

पक्कड घेऊन तो गाडीपाशी आला आणि स्वतःच्या हाताने स्वतःचा मासा तोडला. शिशाची गोळी रस्त्यावर पडली. कुणी हसलं नाही.

इथेच मला कळायला हवं होतं. मी बाजारात वाढलेला माणूस. जो कधी भाव उतरवत नाही तो एका दमात उतरवतो, तेव्हा व्यवहारात दुसरंच काही असतं, हे मी पोरांना शिकवत आलो. पण जिंकल्यावर माल उलटून कोण बघतो? मी शीळ घालत रिक्षाने घरी गेलो.

दोन दिवसांनी गाडी घेतली. टाकीच्या पट्ट्यांचे नट नवे दिसत होते. काम पंपाचं, मग टाकी कशाला उतरवली, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला आणि निघून गेला. पंपावर मासा नव्हता.

"का रे? ठसा हरवला?"

"नासक्या कामावर मासा मारत न्हाय मी." मजुरीही घेतली नाही. नजरही वर केली नाही.

त्यानंतर गाडी रस्त्यात कधीच बंद पडली नाही. प्यायची मात्र तितकीच. मी ज्या ज्या गॅरेजात, ज्या ज्या गोडाऊनच्या दारात गेलो तिथे सांगितलं की उस्तादाचे पंप पितात, त्याने स्वतः कबूल केलंय. चांगलं रंगवून सांगायचो, उस्तादाच्या आवाजात. लोक हसायचे. ट्रकवाले हळूहळू दुसरीकडे वळले. पुढे नव्वदच्या सुमारास काचेच्या दाराचं, मशीनवर पंप तपासून देणारं दुकान नाक्यावर उघडलं. उस्ताद टपरीत बसून कंगव्याने केस विंचरायचा. माझी गाडी जाताना दिसली की मान वळवायचा. मी मुद्दाम हॉर्न द्यायचो.

मग टपरीला कुलूप लागलं. चहावाला म्हणाला, गावी गेला लेकीकडे. आणखी काही वर्षांनी तोच म्हणाला, गेला. मी चहा संपवला. खरं सांगतो, मला काही वाटलं नाही. वाटलंच तर इतकंच, की माझं डिझेल पिऊन गेला.

पिकअप मी अगदी शेवटी भंगारात काढली. तोवर माझे दोन टेंपो झाले होते. भंगारवाल्याशी भाव करताना मी नेहमीप्रमाणे खुंट्यासारखा उभा राहिलो, पत्रा वेगळा, पितळ वेगळं. त्याने टाकी कापली आणि आतली नळी बाहेर काढली. याच नळीतून टाकीतलं डिझेल वर ओढलं जातं. "शेट, पितळ निघालं बघा," म्हणाला.

नळी जुनी, गाडीबरोबरची. मध्यावर, बरोबर अर्ध्या टाकीच्या उंचीला, ती केव्हातरी उभी चिरली होती. चिरेवर पितळेचं कडं चढवून नीट झाळलेलं होतं. कड्यावरचं काळं मी अंगठ्याने पुसलं. खाली मासा होता.

मी तिथेच भंगाराच्या ढिगावर बसलो. सगळं एकेक करून जुळत गेलं. टाकी अर्ध्याच्या वर असेल तर चीर डिझेलखाली बुडालेली, काही त्रास नाही. अर्ध्याच्या खाली गेली की तिथून हवा आत. पेट्रोलच्या इंजिनाला तेवढी हवा खपत होती, डिझेलच्या पंपाला खपली नाही. म्हणजे पंप कधी बिघडलाच नव्हता. दोष टाकीत होता, आणि त्याने तो दुरुस्त करून आपला ठसा अशा ठिकाणी मारला होता जिथे कुणी बघणार नाही. मिजासखोरच तो. चांगलं काम सहीशिवाय सोडवेना.

पण मी टाकी काठोकाठ भरून ठेवत होतो. मग दुपारच्या आत ती अर्ध्यावर कशी येत होती?

नळी घेऊन घरी गेलो. आबा आता खाटेवरच असतात. मी नळी त्यांच्यापुढे धरली. विचारायच्या आत त्यांना कळलं.

"आत्याच्या इंजनाला न्यायचो," ते म्हणाले. "विहिरीवरच्या. तिची भाजी करपत व्हती. पहाटं डबा भरून दुधाच्या गाडीत बसायचो."

"उस्तादाला माहीत होतं?"

"त्यो आला तवा मी नळी तोंडात धरून वढत व्हतो. तोंडात डिझेल. त्यानं मला चूळ भरायला पाणी दिलं. म्हनला, आबा, तोंडानं न्हाय वढायचं. दुसऱ्या खेपेला रबरी फुगा आनून दिला."

तो फुगा मी ओळखत होतो. दाबला की डिझेल ओढणारा, दोन बाजूंना नळ्या असलेला. इतकी वर्षं आमच्या पडवीत खिळ्याला लटकत होता. मला वाटायचं, फवारणीचा आहे.

"मी त्याचे पाय धराया ग्येलो," आबा म्हणाले. "सांगू नको म्हनलो. त्यानं माजे हात धरले. म्हनला, तुमचा पोरगा तापट हाय, पर गाडी वाटंत मरनार न्हाय अशी करून देतो मी. तुमी खुशाल न्या."

"मला का नाही सांगितलं, आबा? एक डबा डिझेल! मी नाही म्हटलं असतं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात राग नव्हता. वारा सुटला की माणूस आभाळाकडे बघतो, तसे बघत होते.

"तू आता बी वरडतोयस," ते म्हणाले.

खरंच ओरडत होतो. दारात शेजारी उभे होते.

माझ्या बापाला सख्ख्या बहिणीच्या भाजीसाठी माझ्या दारात चोरी करावी लागली, आणि एका परक्या माणसाने ती झाकायला आपलं नाव मोडून दिलं. नावाशिवाय ज्याच्याकडे काही नव्हतं, त्याने. त्या नावाच्या चिंध्या घेऊन मी वर्षानुवर्षं गोडाऊनच्या दारांत नकला केल्या. ही लाज कुठे ठेवू ते मला कळत नाही. दुसऱ्या दिवशी मी नाक्यावर गेलो. टपरीच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात. चहावाल्याच्या फळीवर मी ती नळी ठेवली आणि मासा दाखवला. म्हाताऱ्याने माशावरून अंगठा फिरवला.

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "दूधवाला सांगायचा, तुमचे आबा डबा घेऊन बसतात. निम्म्या नाक्याला ठाऊक होतं, शेट. उस्तादाने सगळ्यांना दम दिलेला, कुणी बोलायचं न्हाय."

तर आता मी तुम्हालाच विचारतो. उस्तादाने मला फसवलं, ते मी डोक्यावर घेतो. त्याचा मान मी घालवला, तेही माझंच. त्याचा जाब मला विचारा, मी नाक्यावर उभा आहे. पण त्या दुपारी तुम्ही चहाचे ग्लास हातात धरून ऐकत होता. आपला मासा स्वतःच तोडताना त्याला तुम्ही पाहिलंत. पुढे मी त्याच्या नकला केल्या तेव्हा तुम्ही हसलात, आणि तुम्हाला ठाऊक होतं. मी तापट आहे, मान्य. तुम्ही मला घाबरलात, तेही मान्य. पण तो तर मेला. त्यानंतर तरी कुणी त्याच्या बाजूने एक शब्द बोलायचा होता. का नाही बोललात? कोण सांगतो? पुढे या, आणि सांगा.